परण्याला दिलेली गाडी

हुमनाबादच्या हायवेवरच्या पंपावर आमची गाडी उभी राहिली की तिथला माणूस न विचारता डिझेलची नळी उचलतो. त्याचं फारसं चुकत नाही. दिवसभर त्याच्यासमोर लॉऱ्या येतात, आणि त्याच्या समजुतीप्रमाणे मोठ्या माणसाची गाडी डिझेलवरच चालते. पेट्रोल हे स्कूटीवाल्यांचं काम. मी काच खाली करून "पेट्रोल" म्हणते. तो नळी परत टांगतो आणि दर वेळी तेच विचारतो, "इत्ती बडी गाडी पेट्रोल पीती क्या मॅडम?"

पिते. आणि साधं पीत नाही, असं आमच्या साहेबांचं मत आहे.

साहेब म्हणजे माझे यजमान. कलबुर्गीच्या एका कचेरीत ते अधिकारी आहेत. कचेरीतले लोक, घरी दूध घालणारा, माझी सख्खी आई, सगळे त्यांना साहेबच म्हणतात. मी एकटीनं वेगळं काही म्हणून गोंधळ कशाला वाढवू? टाकीच्या झाकणाच्या आतल्या बारीक अक्षरांतून त्यांनी असा अर्थ काढला आहे की या इंजिनाला महागातलंच पेट्रोल लागतं. तिथं प्रत्यक्षात एवढंच लिहिलंय की शिसं नसलेलं पेट्रोल घाला, आणि शिसंवालं पेट्रोल आता शोधूनही मिळणार नाही. पण साध्या वाक्यातून स्वतःच्या इभ्रतीला सोयीचा अर्थ काढणं हे त्यांना कचेरीत रोज करावं लागतं. हाताला सवय असते.

गाडी त्यांनी हैदराबादहून आणली. लालभडक, जमिनीला चिकटलेली, मागं डिकीवर एक पंख. कंपनीच्या माहितीपत्रकात या लाल रंगाला काहीतरी ज्वालामुखीचं नाव होतं; घरी आल्यावर मी तिला टमाटा म्हणू लागले. मी शिकवते ती शाळा निर्ण्याला. तिथल्या पारावरच्या एका म्हाताऱ्यानं पहिल्याच दिवशी पंखावर बोट ठेवून विचारलं की हे कशाला. साहेब सोबत होते. त्यांनी समजावलं की वेगात गेल्यावर वारा गाडीला उचलतो, तेव्हा हा पंख तिला खाली दाबून धरतो. म्हाताऱ्यानं निर्ण्याचा रस्ता एकदा इकडून तिकडे पाहिला आणि म्हणाला, "हितं उडायली व्हय गाडी?"

साहेबांना ती गाडी फार दिवस चालवता आली नाही. तिच्यात बसायचं म्हणजे आधी डोकं, मग कंबर, मग अब्रू अशा क्रमानं आत न्यावी लागते, आणि उतरताना उलट्या क्रमानं बाहेर काढावी लागते. कचेरीच्या दारात, शिपायांच्या देखत, अधिकाऱ्यानं दाराची चौकट धरून कण्हत बाहेर पडणं बरं दिसत नाही. मग पाठ धरली. हाडांच्या डॉक्टरांनी ताठ खुर्चीत बसायला सांगितलं. साहेब पूर्वीसारखे कचेरीच्या जीपनं जाऊ लागले, आणि टमाटा माझ्याकडं आला.

माझ्यासाठी ही गोष्ट किती मोठी होती हे मी त्यांना कळू दिलं नाही. त्याआधी मी बसनं जात होते. हुमनाबादच्या स्टँडवर उभं राहायचं, लॉऱ्यांची धूळ खायची, बस आली की दारातल्या दहाजणांना "सरा की जरा" म्हणत आत शिरायचं, आणि पहिल्या तासाला पोहोचेपर्यंत शिकवण्याची निम्मी हौस विरून गेलेली असायची. आता मी माझ्या वेळेला निघत होते. निर्ण्याच्या अलीकडं रस्त्याचा एक सरळ तुकडा आहे, दोन्ही बाजूंना तुरीची शेतं, मध्ये एकही घर नाही. तिथं मी रोज पाय जरा जोरात दाबते. दिखाऊपणाला हसायचं ते हसतेच, पण ती गाडी पळते छान, हे कबूल केलं पाहिजे.

पळते, म्हणजे गाव येईपर्यंत. आमच्या भागात गावाची पत त्याच्या स्पीडब्रेकरच्या उंचीवर ठरते. शेजारच्या गावाचा गुडघ्याएवढा असेल तर आपला मांडीएवढा हवा. त्याच्यावरून जाताना टमाट्याचं पोट घासतं आणि असा आवाज येतो की ऐकणाऱ्याच्या दातांना मुंग्या येतात. गाडीत एकटी असले तर तिरकी घालून, एकेक चाक चढवून निभावते. मागं तीन माणसं असली तर त्यांना उतरवावं लागतं. त्यांनी ब्रेकर चालत ओलांडायचा आणि पलीकडं परत बसायचं. साहेबांच्या थोरल्या बहिणीनं, अक्कांनी, एकदा बसवकल्याणपर्यंत हा प्रवास केला आणि पोहोचल्यावर म्हणाल्या, "त्यापरीस चालतच आले असते की, सारखं बसाउठायचं तरी वाचलं असतं."

टायरचं तर बोलूच नये. पंक्चर काढणाऱ्यानं ते बोटानं दाबून पाहिलं आणि रबर कुठाय असं विचारलं. इतकं पातळ टायर आमच्या गावात सायकललाही नसतं. बदलायचं तर हैदराबादहून मागवायचं, आणि ते येईपर्यंत गाडी जॅकवर एक पाय उचलून उभी.

हे सगळं मी सोसलं असतं. सोसवेनात ती लग्नं.

आमच्याकडं लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीला नेतात आणि तिथून मांडवात आणतात. त्याला परण्या म्हणतात. पूर्वी घोडा असायचा. आता गाडी लागते, आणि ती भाड्याची चालत नाही. नात्यातल्या कुणाची तरी, आणि चारजणांनी वळून बघावी अशी लागते. टमाटा दारात लागल्यापासून निर्ण्यापासून औरादपर्यंतचे सगळे नातेवाईक आम्हाला नव्यानं आठवू लागले. साहेबांना "साहेबांची गाडी" हे दोन शब्द कानावर पडले की नाही म्हणणं जमत नाही. गाडी जायची, दोन दिवसांनी यायची. मी तेवढे दिवस स्टँडवर.

परत येताना टाकी भरून आणायची अशी रीत आहे. ती लोक पाळतात, फक्त टाकीचा अर्थ ज्याचा त्याचा. बाकी आहेर मात्र भरपूर: रंगावर चिकटपट्टीचे डाग, चाकाखाली फोडलेल्या नारळाची कवटी, आणि जिकडं तिकडं अक्षता. आमच्या अक्षता ज्वारीच्या असतात, हळदीत घोळलेल्या. त्या सीटच्या रुळांत जातात, एसीच्या जाळीत जातात, वायपरच्या खालच्या पन्हळीत जातात. एका पावसाळ्यात तिथं झेंडूचा कचरा कुजून पाणी तुंबलं आणि माझ्या पायाशी गाडीत उतरू लागलं. बॉनेट उघडलं तर त्या कुजक्या खतात ज्वारीची चार रोपं टुमदार उभी होती. साहेब हळहळले. मी म्हटलं, एवढ्या महागाच्या वस्तूतून हे पहिलंच उत्पन्न आलं आहे, काढताना जपून काढा.

मग एका परण्यात गिअरबॉक्स जळाला. गाडी नाचणाऱ्यांच्या मागून दोन-अडीच तास मुंगीच्या पावलानं गेली, चालवायला कुणाचातरी मित्र होता, आणि घरी आली ती करपलेल्या वासासकट. ती कलबुर्गीच्या वर्कशॉपला न्यावी लागली. तिथं काचेची खोली, सोफा, कागदी कपात कॉफी, आणि टाय घातलेला एक तरुण, जो आपल्याला मेकॅनिक म्हणत नाही, सल्लागार म्हणतो. "मॅडम, स्वल्प वेट माडि," म्हणत त्यानं मला बराच वेळ बसवलं आणि मग सांगितलं की या गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात, ते रांगत्या गाडीत तापतात. मी शहराच्या ट्रॅफिकमध्ये चालवते का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, नाही, लग्नात चालवतात. त्याच्या शिक्षणात हा भाग नसावा. तो एवढंच म्हणाला की आता दुरुस्त करून देतो, पण परत एकदा असं झालं तर सगळा गिअरबॉक्सच बदलावा लागेल.

गाडी कितीतरी आठवडे तिथं पडून होती आणि मी बसच्या दारात लटकत होते. ती परत आल्यावर साहेबांनी निकाल दिला. "परत जळली तर विकून टाकायची. दारात बंद गाडी शोभत न्हाई."

दारात बंद गाडी न शोभणं ही त्यांची अडचण. गाडीच नसणं ही माझी.

हा निकाल ताजा असतानाच कोहिनूरहून अण्णा आले. अण्णा म्हणजे साहेबांचे थोरले चुलतभाऊ. शेती, आडत, आणि गावात शब्दाला वजन. त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं होतं. इथं एक सांगायला हवं: थोरले दीर असल्यामुळं अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. माझं लग्न झाल्यापासून कधीच बोललेले नाहीत. भांडण नाही, राग नाही. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी तोंडावर बोलायचं नसतं, एवढंच. जे सांगायचं ते साहेबांकडं बघून सांगायचं, आणि मी समोर असले तरी उत्तर साहेबांकडून यायची वाट बघायची. ते पाळणारे आमच्या घरात आता अण्णाच उरले होते, त्यामुळं जरा जास्तच कसोशीनं पाळत होते.

मी चहा घेऊन आले तोवर साहेब हो म्हणून बसले होते. मी ट्रे ठेवला आणि म्हटलं, "गाडी न्या. पण चालवणार मी."

अण्णांनी साहेबांना विचारलं, "काय म्हणायल्यात?"

"ती चालवणार म्हणायली," साहेब म्हणाले. मी दोघांच्या मधोमध उभी होते.

"कामून? डायवर काय मेले का सगळे?"

"मागल्या बारीला डायवरनंच जाळली." हे साहेबांनी स्वतःहून सांगितलं. त्याबद्दल मी त्यांना मनातल्या मनात गुण दिले.

अण्णा बशीत चहा ओतत विचार करत राहिले. मुलीकडचे औरादचे पाहुणे, मोठं घर. त्यांना लाल गाडीचं आधीच सांगून झालं होतं, त्यामुळं माघार घेता येत नव्हती. आणि नवरदेवापुढं बाई स्टिअरिंगवर, हे त्यांना पेलवत नव्हतं. शेवटी त्यांनी साहेबांच्या मार्फत तोड सुचवली. "मग काचा काळ्या लावा म्हणावं."

साहेबांनी सांगितलं की काळ्या काचांना कायद्यानं बंदी आहे. त्यांच्या अधिकाराचा मला घरात उपयोग झाला, तो एवढाच.

लग्नाच्या दिवशी कोहिनूरला टमाट्याच्या तोंडावर झेंडूचं बदाम चिकटवलं, आरशांना गुलाब बांधले, पंखाला मोत्यांच्या माळा. साहेब सुटाबुटात, डोक्यावर फेटा, चिकटपट्टी लावणाऱ्या प्रत्येक हाताकडं बघत उभे. मागच्या सीटवर नवरदेव, काळा चष्मा लावून, आणि त्याच्या शेजारी करवली, कलश सांभाळत. पुढं डीजेची गाडी, तिच्यामागं नाचणारे, मग आम्ही. अण्णा माझ्या दाराला लागून चालत होते, खांद्यावर नवा टॉवेल. गाडीवर नजर ठेवायला असेल, किंवा माझ्यावर.

मारुतीपर्यंत निभावलं. तिथून मांडवाकडं वळलो आणि प्रत्येक कोपऱ्यावर परण्या थांबू लागला. हातभर पुढं, थांबा. वितभर पुढं, थांबा. पायाखालून आधी एक कापरं जाणवलं, मग तो ओळखीचा करपट वास आला, आणि काट्यांच्या मधल्या पडद्यावर गिअरचं लाल चिन्ह पेटलं. मांडव अजून लांब होता. मला वर्कशॉपचा सोफा दिसला, आणि त्याच्यामागं निर्ण्याची बस.

मी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, हँडब्रेक सोडला, काच खाली केली आणि अण्णांना म्हटलं, "अण्णा, ढकलायला सांगा."

ते इकडंतिकडं साहेबांना शोधू लागले. साहेब पुढं नाचात सापडले होते. म्हणजे चौघांनी धरून त्यांचे हात वर केले होते आणि ते अधिकाऱ्यांच्या पद्धतीनं फक्त तर्जन्या हलवत होते. त्यांना ओढून आणलं गेलं. मी त्यांना सांगितलं, ते अण्णांना सांगू लागले.

"बंद पडली काय?" अण्णांनी साहेबांना विचारलं.

मीच म्हटलं, "बंद नाही पडली. तापली आहे. ढकलली तर मांडवापर्यंत येईल, नाहीतर मी इथंच उभी राहते."

"औरादचे लोक बघायल्यात की हो," अण्णा साहेबांना म्हणाले.

मागून नवरदेवानं चष्मा काढून हळूच विचारलं, "काकू, मी उतरून चालू का?"

"तू गप बस," अण्णा म्हणाले. मुलाशी थेट बोलायला त्यांना काही अडचण नव्हती.

शेवटी नाचणाऱ्यांपैकी दहाबारा जण मागं आले आणि गाडी ढकलू लागले. साहेबही पाठीमागं गेले. त्यांचा हात डिकीला लागलेला आहे एवढं मला आरशात दिसत होतं. जोर लागला होता की नाही, ते सांगता येणार नाही. टमाटा मात्र असा सुरेख सरकू लागला की मला आश्चर्य वाटलं. ना धक्का, ना वास. इतका चांगला ॲव्हरेज त्यानं कधीच दिला नव्हता.

पण लोक बघत होते. एका गच्चीवरून कुणीतरी बाई डीजेच्या वर आवाज काढून म्हणाली, "नव्या गाडीला ढकलायल्यात बगा." पुढचा कोपरा येईपर्यंत ती बातमी आमच्याआधी मांडवात पोहोचली. तिथं दारात उभे असलेले औरादचे पाहुणे टाचा उंचावून बघू लागले, आणि त्यांच्यातले दोघंतिघं हसत होते. अण्णांचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. ते एकेका ओळखीच्या माणसाला हात करून सांगत होते की बिघडली न्हाई, चालू हाय. डीजेपुढं कुणाला ऐकू जाणार? त्यांनी मागं वळून साहेबांकडं पाहिलं. साहेब गर्दीत, फेटा सावरत.

तेव्हा अण्णा माझ्या खिडकीशी वाकले. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि म्हणाले, "बाई, जरा आवाज करा."

"कशाचा?"

"गाडीचा. चालू हाय म्हणून कळू द्या त्यांना."

या घरात आल्यापासून आवाज खाली ठेवा हे मला पुष्कळांनी, पुष्कळ मार्गांनी सुचवलं होतं. आवाज करा असं कुणी पहिल्यांदाच सांगत होतं. मी पाय दाबला.

त्या गाडीच्या सायलेन्सरचा आवाज म्हणे मुद्दाम घडवलेला आहे. साहेबांनी तो पाहुण्यांना अंगणात बऱ्याचदा ऐकवला होता. कोहिनूरच्या गल्लीत, दोन्ही भिंतींच्या मध्ये, तो असा घुमला की पुढचे नाचणारे थांबले आणि गच्चीवरची बाई गप्प झाली. मी पाय सोडला. ढकलणाऱ्यांनी आरोळी ठोकली. अण्णांनी तळहात वर केला, मी परत दाबला. मग तशीच लय बसली: अण्णांचा हात वर, इंजिनाची डरकाळी, मागून दहाजणांचा रेटा. डीजेवाल्यानं ठेका त्याच्याशी जुळवून घेतला. औरादचे हसणारे आता फोन वर धरून व्हिडिओ घेत होते. गाडी जागची हलत होती ती सगळी मागच्या लोकांच्या दंडातून, आणि गर्जना सगळी पुढून येत होती. साहेबांच्या कचेरीत कधी गेले तर मला तो परण्या आठवतो.

मांडवापाशी पोहोचलो तेव्हा लाल चिन्ह विझलेलं होतं.

संध्याकाळी निघताना अण्णा टाकी भरून द्यायला मुद्दाम हुमनाबादपर्यंत आमच्यासोबत आले. पंपावरच्या माणसानं डिझेलची नळी उचलली. "पेट्रोल," अण्णा म्हणाले, "महागातलं." मग मागच्या सीटवरून, साहेबांना वगळून, मला विचारलं, "पुरी भरू ना बाई?" मी हो म्हटलं. साहेब मधे काही सांगायला तोंड उघडून बसले होते. त्यांचं काम आता उरलं नाही हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

घरी पाठीला मलम लावून घेताना ते म्हणाले की आवाज फार छान लागला, सगळे विचारत होते, आणि अशी गाडी विकणं म्हणजे मूर्खपणा. विकायचं कोण म्हणालं होतं, ते मी विचारलं नाही.

गाडी मागायला येणं थांबेल असा माझा अंदाज होता. तो चुकला. त्याच आठवड्यात औरादकडून साहेबांना फोन आला. त्यांच्या पुतण्याचा परण्या होता. गाडी ढकलायला माणसं त्यांची, पण चालवायला काकूच पाहिजेत, डायवरला तसा आवाज काढता येत नाही. साहेबांनी फोनवर हात ठेवला आणि पूर्वी कधी न केलेली गोष्ट केली, मला विचारलं.

"कोणत्या दिवशी आहे?" मी म्हटलं.

"गुरुवारी."

"गुरुवारी शाळा आहे."

त्यांनी फोन परत कानाला लावला आणि कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "गुरुवारी जमणार न्हाई. गुरुवारी गाडी ड्यूटीवर असते."